निवांत

केतकी आली ती थेट बॅग घेऊनच. मिरजेतल्या आपल्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटचं दार प्रणोतीने उघडलं, तर समोर धाकटी बहीण, तिच्या ओढणीला लटकलेली पाच वर्षांची इरा, आणि पायाशी एक चाक निखळलेली निळी बॅग. लिफ्ट बंद होती. बॅग केतकीने जिन्याने एकटीने ओढत आणली होती. तिला धाप लागली होती, तरी पाण्याला हात लावायच्या आधी ती म्हणाली, "ताई, मी परत जाणार नाही. आधीच सांगून ठेवते."

तिच्या गालावर चार बोटं उमटली होती. ती पहिल्यांदाच उमटली होती असं नव्हे.

केतकीचा नवरा निनाद चौगुले, त्याचं जयसिंगपूरला द्राक्षांचं शीतगृह होतं. माणूस शिकलेला, निर्व्यसनी, चारचौघांत खालच्या आवाजात बोलणारा. घरात मात्र कशावरूनही त्याचा तोल जायचा. ताट भिरकावलं जायचं, आवाज शेजारच्या बंगल्यापर्यंत पोचायचा आणि मग हात उठायचा. त्यानंतर तो ढसाढसा रडायचा. जेवायचा नाही. केतकीचे पाय धरायचा, इराला घेऊन फिरायला जायचा, पुढचे कित्येक दिवस अपराध्यासारखा वावरायचा. केतकीचा संसार त्या चांगल्या दिवसांवर टिकून होता.

"आता ते चांगले दिवस कमी व्हायला लागलेत," केतकी म्हणाली. "त्याच्या गाडीचा आवाज आला की माझे तळवे गार पडतात. पुढच्या वेळी तो मला मारून टाकेल, ताई. मला आतून कळतंय."

आई प्रणोतीकडेच राहायची. इराला कुशीत घेऊन ती नुसतीच बसली होती. "थोडं सांभाळून घे," एवढंच तिला म्हणता आलं, आणि म्हटल्यावर तिलाच ते बरं वाटलं नसावं, कारण ती उठून आत गेली.

प्रणोतीला आईचा राग आला. बाईने सांभाळून घ्यायचं, सोसायचं, हे ऐकत ती मोठी झाली होती आणि त्याविरुद्ध काहीतरी करायचं म्हणूनच मानसशास्त्राकडे वळली होती. तिच्याकडे बहिणीला देण्यासारखं याहून चांगलं काहीतरी होतं.

"मी तुला सोस म्हणणार नाही," ती केतकीला म्हणाली. "मी तुला त्याच्यावरचा इलाज देते. तुला आणि निनादरावांना, दोघांनाही."

तो इलाज म्हणजे 'निवांत'.

भावना एकदम उसळते असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात ती पायऱ्या चढत येते. काहीतरी घडतं, आपलं लक्ष तिकडे जातं, मन त्याचा काहीएक अर्थ लावतं, आणि त्या अर्थामागोमाग शरीर पेटतं. पेटल्यावर विझवणं अवघड. वाटेतच गाठलं तर सोपं. अडचण अशी, की शरीराची तयारी मनाला पत्ता लागायच्या आधीच सुरू झालेली असते. हृदयाच्या दोन ठोक्यांमधलं अंतर बदलतं, श्वास वर चढतो, कातडीवर घामाचा बारीक ओलावा येतो. 'निवांत' हे हरभऱ्याएवढं यंत्र डाव्या कानाच्या खोबणीत बसायचं आणि हे बदल टिपायचं. मेंदूकडून हृदयाकडे, फुप्फुसांकडे आणि आतड्यांकडे जाणाऱ्या व्हेगस नावाच्या नसेची एक बारीक फांदी नेमकी त्या खोबणीत कातडीजवळ येते. यंत्र तिथे विजेचा हलका झटका द्यायचं, मुंगी चालल्यासारखा. चार-दोन श्वासांत ठोके संथ व्हायचे.

आणि त्याच वेळी कानात एक आवाज बोलायचा. माणसाने स्वतःला 'मी' न म्हणता नावाने हाक मारली, की मन एक पाऊल मागे सरकतं, हे जुन्या प्रयोगांतून दिसलेलं होतं. म्हणून यंत्र ज्याचं त्याला नावाने हाक मारायचं, सहसा त्याच्याच आवाजात. "अमुक अमुक, जरा लांबून बघ. याचा दुसराही अर्थ असू शकतो."

प्रणोतीच्या संशोधन केंद्राने हे यंत्र सर्वांपर्यंत पोचेल असं बनवलं होतं. एरवी अख्ख्या तालुक्यात मिळून एखादा मानसोपचारतज्ज्ञ, तोही आठवड्यातून एकदा येणारा. 'निवांत' प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट मिळत होतं आणि आशाताई ते दहा मिनिटांत बसवून देत होत्या. अपघातानंतर स्टिअरिंगला हात लावू न शकणारा एसटीचा ड्रायव्हर पुन्हा गाडी चालवू लागलेला प्रणोतीने पाहिला होता. बाळंतपणानंतर विहिरीकडे गेलेली एक मुलगी आता स्वतःच्या मुलाला घेऊन तपासणीला यायची. यात काही खोटं नव्हतं. प्रणोती स्वतःही ते यंत्र घालायची.

निनादला बोलावलं तेव्हा तो लगेच आला. प्रणोतीसमोर त्याने हात जोडले.

"ताई, मला माझीच लाज वाटते," तो म्हणाला. "तुम्ही म्हणाल ते करतो."

त्याच्या कानात यंत्र बसलं. केतकीची पाळी आली तेव्हा ती अडली.

"मला माझा आवाज नको. मी मलाच काय समजावणार? ताई, तुझा घाल ना. तू बोललीस की मला बरं वाटतं."

प्रणोतीला भरून आलं. तिने ध्वनिमुद्रणाच्या खोलीत बसून मनापासून वाक्यं म्हटली. "केतकी, जरा लांबून बघ. केतकी, श्वास सोड. केतकी, हे पण जाईल."

निळी बॅग परत जयसिंगपूरला गेली.

*

त्यानंतरचे महिने सुखाचे गेले, निदान प्रणोतीला तसं वाटलं. यंत्र घालणाऱ्यांच्या संमतीने त्यांचे आलेख केंद्रात यायचे. सकाळी चहाचा कप घेऊन बसलं की प्रणोती आधी निनादची रेषा उघडायची. सुरुवातीला तिला उंच टोकं होती. हळूहळू ती बुटकी झाली आणि मग रेषा सपाट होऊन गेली, तळ्याच्या पाण्यासारखी. केतकीचीही तशीच. फोनवर केतकीचा आवाज मोकळा असायचा.

"ओरडतो का गं?"

"छे. आवाजसुद्धा चढत नाही आता."

दिवाळीला सगळे मिरजेला जमले. निनादने स्वतः करंज्या तळल्या, आईला शाल आणली. फक्त इरा तेवढी विचित्र वागत होती. फटाका वाजला की मुलं दचकतात, पण इरा डब्याचं झाकण पडलं तरी टेबलाखाली शिरत होती. निनादने तिला हाक मारली की ती लगेच उभी राहायची आणि हात पाठीमागे घ्यायची.

"फार घाबरट झालीय," केतकी हसून म्हणाली. "माझ्यावर गेलीय. पूर्वीच्या माझ्यावर."

प्रणोतीने नोंद घेतली, ती एका मावशीने घ्यावी तेवढीच. पाच वर्षांच्या मुलांना यंत्र द्यायला अजून परवानगी नव्हती.

संक्रांत होऊन गेल्यावर एका दुपारी केतकी न कळवता केंद्रात आली. इरा बरोबर होतीच. केतकीने छान साडी नेसली होती, केस डाव्या बाजूला पुढे घेतले होते.

"ताई, एक छोटं काम होतं. हे यंत्र उजव्या कानाला बसवून देतेस?"

"का? डाव्या कानालाच बसवतो आपण. उजवीकडची फांदी हृदयाशी जरा जास्त जोडलेली असते, तपासणी केल्याशिवाय नाही बसवत."

"डाव्या कानाने नीट ऐकू येईनासं झालंय. तुझा आवाज ऐकू येत नाही मग."

प्रणोतीने केस बाजूला केले. कानाची पाळी सुजून काळीनिळी झाली होती. खोबणीत वाळलेलं रक्त होतं आणि त्या रक्तात यंत्राचा हिरवा दिवा लुकलुकत होता.

"केतकी, हे काय?"

"निनादने मारलं," केतकी म्हणाली. बाजारात भाजी महाग झाली, असं सांगावं तसं. "वरण आळणी झालं होतं, मी मीठ घालते म्हटलं, आणायला उशीर झाला. पडदा फाटलाय म्हणाले डॉक्टर."

"हे कधीपासून चाललंय?"

"थांबलं कधी होतं?" केतकीला प्रश्नाचं खरंच नवल वाटलं. "ओरडणं थांबलंय. ते फार वाईट होतं गं. आता तो शांतपणे मारतो. बहुतेक दिसणार नाही असंच. तुझा आवाज येतो कानात, लांबून बघ म्हणून. मग मी बघते. भिंतीवर घड्याळ आहे, त्याच्याकडे बघते. जातं सगळं."

प्रणोतीच्या छातीत काहीतरी फुटायला आलं. आणि फुटायच्या आत डाव्या कानात मुंगी चालली. श्वास आपोआप लांबला. तिचा स्वतःचा आवाज कानात म्हणाला, "प्रणोती, जरा लांबून बघ. याचा दुसराही अर्थ असू शकतो." खांदे सैल पडले. आणि खरंच क्षणभर तिच्या मनात आलं, की हे प्रकरण नोंदवण्याजोगं आहे, पुढच्या बैठकीत मांडता येईल.

मग तिची नजर इराकडे गेली. इरा कपाटाच्या आणि भिंतीच्या फटीत उभी होती. तिने दोन्ही हात कानांवर घट्ट दाबून धरले होते आणि ती आईकडे बघत थरथरत होती. त्या घरात घाबरायचं काम आता तिच्या एकटीच्या वाट्याला आलेलं होतं.

प्रणोतीने कानातलं यंत्र उपटून काढलं. आधी काही झालं नाही. नंतर जे वर आलं ते तिला पेलवलं नाही. ती टेबलाला धरून ओरडली. बाहेरचे सहकारी धावत आले आणि प्रत्येकाने आधी तिच्याकडेच काळजीने पाहिलं. केतकी तिची पाठ चोळत होती.

"ताई, अगं ताई, काय होतंय तुला?"

*

दुसऱ्या दिवशी प्रणोती विजेवर चालणाऱ्या एसटीने जयसिंगपूरला गेली. शीतगृहाच्या ऑफिसात निनादने तिला खुर्ची दिली, चहा मागवला.

"केतकीच्या कानाबद्दल आलात ना? त्या दिवशी जरा जोरात लागलं," तो म्हणाला.

"लागलं? निनादराव, तुम्ही मारलंत तिला!"

"हो."

प्रणोती इतक्या सरळ कबुलीला तयार नव्हती. तिला नाकारणं अपेक्षित होतं, किंवा पूर्वीसारखं हात जोडणं.

"मला तुमची रेषा रोज दिसते," ती म्हणाली. "राग नाही तिच्यात. कुठेच नाही."

"नव्हताच मला राग. मी शांतच होतो."

"मग का मारलंत?"

निनादने विचार केला. त्याला प्रामाणिक उत्तर द्यायचं होतं, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. "तिनं ऐकलं नव्हतं," तो म्हणाला. "घरात एकदा सांगितलेलं ऐकायला पाहिजे. शिस्त लागते ती मारल्यावर. रागाचा काय संबंध?"

चहा आला. पोरगेल्या शिपायाने कप ठेवले आणि तो गेला.

"खरं सांगू का ताई? पूर्वी मला नंतर फार वाईट वाटायचं. जेवण जायचं नाही, झोप लागायची नाही. तोंड दाखवायला नको वाटायचं. आठ-आठ दिवस मी तिच्याशी नीट वागायचो. त्या आठ दिवसांत मला ती कशी दिसायची माहितीय? चिमणी पंखा लागून पडते ना, तशी. आता तसलं काही होत नाही. पोटात ढवळायला लागलं, की तुमचं यंत्र सांभाळून घेतं. तुमचे आभारच मानायला हवेत."

प्रणोतीने कप बाजूला सरकवला. तिला सगळं लख्ख दिसत होतं. यंत्र राग टिपत होतं, भीती टिपत होतं, पश्चात्तापही टिपत होतं. पण ते तिन्ही त्याला सारखेच दिसत होते. ठोके वाढले, घाम आला, श्वास चढला, की विझव. निनादच्या हातामागे राग होता हे खरं, पण रागाच्याही मागे एक समजूत होती. ही बाई माझी आहे, हिला मी वळण लावणार. त्या समजुतीने ठोके वाढत नव्हते. ती बिनबोभाट, संथपणे तिथेच होती. 'निवांत'ने तिच्यावरचा लगाम तेवढा काढून घेतला होता.

"तू माणूस नाहीस," ती म्हणाली. त्याला ती पहिल्यांदाच अरेतुरे करत होती.

"ताई, तुम्ही यंत्र काढलंय वाटतं," निनाद काळजीने म्हणाला.

*

केंद्राचे प्रमुख सरदेसाई सर प्रणोतीचे गुरू होते. पंचवीस वर्षं त्यांनी खेड्यापाड्यांत मनोरुग्णांसाठी काढली होती. त्यांनी तिचं सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदा डोळे पुसले, त्यांच्याही कानातल्या यंत्राने पाणी येऊ दिलं तेवढे.

"आत्महत्या किती खाली आल्यात तू बघितलंस," ते म्हणाले. "पुढच्या महिन्यात राज्यभर सुरू होतंय हे. एका माणसामुळे सगळ्यांचं काढून घेऊ?"

"एकच आहे हे कशावरून? सर, आपल्याकडे शेकडो घरांच्या दोन-दोन सपाट रेषा आहेत. त्यातल्या कुठल्या घरात सुख आहे आणि कुठल्या घरात मारहाण, हे सांगता येईल तुम्हाला?"

सर म्हणाले, "निदान केतकीचं काढून बघ. तिची इच्छा असेल तर."

केतकी आधी तयार नव्हती. पण ताई म्हणते म्हणून एका सकाळी मिरजेच्या घरी तिने यंत्र काढून टेबलावर ठेवलं. इरा शेजारी खेळायला गेली होती. आई स्वयंपाकघरात होती.

थोडा वेळ केतकी नुसती बसून राहिली. मग तिचे हात गार पडले. ती उठली, दाराची कडी लावून आली, बसली, परत उठली आणि कडी लागलीय का बघून आली. खाली कुणाचीतरी गाडी थांबली आणि केतकी बेसिनकडे धावली. तिला उलट्या झाल्या. इतक्या महिन्यांची भीती एकदम आली होती. ती खाली बसली, गुडघे पोटाशी घेतले, आणि तिच्या तोंडून शब्द बाहेर पडायला लागले. त्याने गॅसपाशी काय केलं, दारात काय केलं, इरासमोर काय केलं. घड्याळाकडे बघत असताना जे जे झालं ते सगळं तिला ठाऊक होतं. आता ते तिला होत होतं.

"परत घाल ते! ताई, पाया पडते, परत घाल!"

"नाही घालणार." प्रणोतीने तिला घट्ट धरलं होतं. स्वतःही रडत होती. "घाबर. घाबर तू. बरोबर आहे तुझी भीती. त्या दिवशी बॅग घेऊन आलीस तेव्हाही बरोबर होती. मीच ऐकलं नाही."

बऱ्याच वेळाने केतकीचं अंग थरथरायचं थांबलं. तिने वर बघितलं. तिचे डोळे सुजले होते, पण प्रणोतीला आपली बहीण खूप दिवसांनी दिसली.

"मला तिथे पाठवू नकोस," केतकी म्हणाली. "पोलिसांकडे जायचं तर जाऊ. मी सांगते सगळं. आज जाऊ. नंतर मला धीर होणार नाही."

"आजच जाऊ. मी रिक्षा बघते. खाली नाही मिळाली तर चौकातून आणते. तू तोंड धू."

चौकात रिक्षा मिळायला वेळ लागला. प्रणोती परत आली तेव्हा केतकी खुर्चीत बसून पोहे खात होती. केस विंचरलेले. धड असलेल्या उजव्या कानात हिरवा दिवा.

आई तिच्यामागे उभी होती. "मला तिचे हाल बघवेनात गं," आई म्हणाली. "पुन्हा तशीच थरथरायला लागली होती. म्हणून मी घातलं. आई आहे मी तिची."

"केतकी, चल," प्रणोती म्हणाली. "रिक्षा उभी आहे."

"ताई, बस ना जरा." केतकीने बशी खाली ठेवली. "मी विचार केला. एवढं टोकाला कशाला जायचं? इराची शाळा आहे, नवं वर्ष सुरू होईल. आणि तो काही वाईट नाही गं. कामाचा ताण असतो."

"आत्ता तू मला काय सांगत होतीस?"

"आठवतंय की सगळं. मी खोटं नाही बोलले." ती गोड हसली. "पण आता त्याचं काही वाटत नाहीये मला. मग भांडायचं कशासाठी?"

*

प्रणोतीने एकटीनेच तक्रार केली. प्रकरण न्यायालयात गेलं. निनादच्या वकिलांनी केंद्राकडून दोघांच्या रेषा मागवल्या. केंद्राला त्या द्याव्या लागल्या, आणि त्या वाचून दाखवायला केंद्रातलाच एक तरुण संशोधक आला. प्रणोतीनेच त्याला शिकवलं होतं. त्याने जे दिसत होतं तेच सांगितलं. या काळात पतीच्या ठिकाणी रागाचा एकही उद्रेक नाही. पत्नीच्या ठिकाणी भीतीची एकही नोंद नाही. कानाला इजा झाली त्या दिवशीसुद्धा नाही.

न्यायाधीशबाईंनी केतकीला विचारलं, "तुम्हाला पतीची भीती वाटते का?"

"नाही," केतकी म्हणाली. ते खरं होतं.

"पण तो मारतो! विचारा तिला, मारतो का ते विचारा!" प्रणोती मागून ओरडली.

तिला शांत राहायला सांगण्यात आलं. केतकीने उत्तर दिलं, की नवराबायकोत थोडंफार चालतंच, तिची काही तक्रार नाही. निकालपत्रात साक्षीदार बहिणीच्या मानसिक अवस्थेबद्दल सहानुभूतीचे दोन शब्द होते आणि तिने मदत घ्यावी अशी सूचना होती.

प्रणोतीने केंद्र सोडलं. जायच्या दिवशी तिने केतकीच्या यंत्रातला आपला आवाज तेवढा पुसून मागितला. सरांनी लगेच पुसून दिला. त्यानंतर केतकीला तिच्या स्वतःच्या आवाजात हाक यायला लागली, आणि त्याने काहीच फरक पडला नाही.

योजना राज्यभर सुरू झाली. प्रणोती एका कॉलेजात शिकवायला लागली. वर्गात मुलं छान ऐकायची, शंका विचारायची नाहीत. परीक्षेत निम्मी मुलं नापास झाली तरी कुणी तिच्या केबिनमध्ये भांडायला आलं नाही. कचऱ्याची गाडी महिनाभर फिरकली नाही तेव्हा सोसायटीत ती एकटीच तावातावाने बोलत होती आणि बाकीचे तिला पाण्याचा ग्लास आणून देत होते. घरी आई तिच्याशी प्रेमाने वागायची आणि तिला कळायचं नाही असं बघून शेजारणीला सांगायची, "मोठीचं जरा बिनसलंय."

जयसिंगपूरच्या घरी जायला प्रणोतीला बंदी नव्हती. निनादच्या मनात तिच्याविषयी अढी नव्हती. ती दारात आली की तो "या ताई" म्हणायचा. ती जायची ती इरासाठी. इरा तिच्या कुशीत शिरायची आणि काही न बोलता तिचं बोट चावत राहायची. तिला शाळेत रडू यायचं, ती अंथरूण ओलं करायची, बाबा जेवायला बसले की तिला ताप यायचा. डॉक्टर झाले, ताईत झाला. प्रणोतीने बालकल्याण समितीकडे दोनदा अर्ज केला. दोन्ही वेळा घरी येऊन गेलेल्या बाईंना शांत, हसरे आईवडील आणि एक आजारी मूल दिसलं.

लहान मुलांचं 'निवांत' पुढच्या वर्षी आलं. त्यावर ससा होता.

ते बसवल्यावर केतकीने आनंदाने फोन केला. "ताई, ताप पळाला बघ! झोपते छान. शाळेत नाचात घेतलंय तिला."

प्रणोती दुसऱ्याच दिवशी गेली. केतकी दुकानात गेली होती, निनाद शीतगृहावर. कामवाल्या बाईंनी दार उघडलं. इरा जमिनीवर बसून चित्र रंगवत होती. तिच्या गालांवर चांगलं मांस चढलं होतं. मावशीला बघून ती हसली, शेजारी जागा करून दिली आणि रंगपेटीतला कुठला रंग आवडतो ते विचारलं. प्रणोतीने निळा घेतला. दोघींनी मिळून आभाळ रंगवलं.

"इरा, आईच्या बोटाला पट्टी कसली गं? फोनवर दिसली मला."

"बाबांनी दारात बोट ठेवलं आईचं," इरा म्हणाली. तिचा खडू थांबला नाही. "आणि दार लावलं. टक असा आवाज आला."

प्रणोतीचा हात थांबला. "मग?"

"मग उघडलं."

"तू कुठे होतीस?"

"तिथेच. मी घर-घर खेळत होते."

"मग काय झालं?"

इराने आठवून बघितलं. "मग आईने पट्टी लावली. मग आम्ही जेवलो. भेंडीची भाजी होती." तिने आभाळात एक पक्षी काढायला घेतला. एक पंख झाल्यावर तिचं लक्ष मावशीकडे गेलं. मावशीचा चेहरा वेडावाकडा झाला होता आणि कागदावर पाणी पडत होतं. आभाळाचा निळा रंग पसरायला लागला होता.

इराने कागद हळूच बाजूला ओढून घेतला. मग ती जवळ सरकली, मावशीच्या डाव्या कानाची पाळी तिने दोन बोटांत धरली आणि रिकामी खोबण नीट तपासून बघितली.

"मावशी, तू पण बसवून घे ना," ती समजावत म्हणाली. "दुखत नाही अजिबात."